शिमल्यात शनिवार-रविवार: मुस्लिम जोडप्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवं लग्न झालेलं असो की संसाराला दहा-पंधरा वर्षं झालेली असोत, दोघांनीच कुठे तरी जायचं ठरलं की आपल्याकडे प्रश्नांची रांग लागते. खायचं काय, नमाजचं काय, हॉटेलवाला काय म्हणेल, घरचे काय म्हणतील. या गोष्टी निघण्याआधी मार्गी लावल्या तर डोंगरावरचा सगळा वेळ एकमेकांसाठी उरतो. उत्तरं म्हणूनच जरा सविस्तर दिली आहेत.

मुंबई-पुण्याहून शनिवार-रविवारात शिमला जमतं का?

फक्त शनिवार-रविवार असतील तर नाही. शुक्रवार किंवा सोमवार जोडा, तरच जा. मुंबई-पुण्याहून विमानाने चंदीगड आणि तिथून रस्त्याने सुमारे ११५ किलोमीटर असा सगळ्यात कमी वेळेचा मार्ग आहे. हे ११५ किलोमीटर बहुतेक घाटाचे आहेत, त्यांना चार तास धरा. शुक्रवारी सकाळी निघालात तर संध्याकाळी शिमल्याच्या मॉल रोडवर पोचता, शनिवार अख्खा मिळतो आणि रविवारी दुपारनंतर खाली उतरता येतं.

नोकरीनिमित्त दिल्ली, नोएडा, गुडगाव किंवा चंदीगडला असलेल्या आपल्या मंडळींना हे खूप सोपं आहे. दिल्लीहून शिमला साधारण साडेतीनशे किलोमीटर, आणि शताब्दीने कालका गाठून पुढे डोंगरातल्या छोट्या रेल्वेने, म्हणजे टॉय ट्रेनने जाता येतं.

टॉय ट्रेनने जावं की टॅक्सीने?

जाताना ट्रेन, येताना टॅक्सी. चढणीला गाडी हळू चालते आणि तेच हवं असतं. कालका समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे, शिमला स्टेशन दोन हजारांच्या वर. हे अंतर ९६ किलोमीटरच्या वळणावळणाच्या रुळांवरून पाच-एक तासांत कापलं जातं. १९०३ साली सुरू झालेला हा मार्ग २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. शंभरावर बोगदे आहेत. त्यांतला बडोगचा सगळ्यात लांब, अकराशे मीटरहून जास्त, आणि तो संपला की लगेच बडोग स्टेशन येतं. तिथे उतरून चहा घ्या.

खाली निवडुंग आणि बांबू, मग चीडची (पाइनची) झाडं, आणि वर पोचेपर्यंत देवदार. खिडकीतून झाडं बदलताना पाहत शेजारी शेजारी बसून पाच तास बोलणं घरी कधी होतं? फोन दोघांनीही पिशवीत टाका.

तिकीट आधी काढा, सुट्टीच्या दिवसांत जागा लवकर संपतात. कालक्याहून भल्या पहाटे निघणाऱ्या गाड्या घेतल्या तर जोहरला हॉटेलवर असता. डबा अरुंद आहे, आत उभं राहून नमाज पढायला जागा नाही, म्हणून वेळेचं गणित आधीच करा. येताना मात्र टॅक्सी बरी, विमान किंवा पुढची गाडी चुकण्याची धास्ती राहत नाही. घाटात मळमळणाऱ्यांनी पोटभर जेवून बसू नये.

हॉटेल कुठे घ्यावं?

मॉल रोड आणि रिज (मॉललगतचं मोकळं मैदान) या भागात सामान्य वाहनांना बंदी आहे. म्हणजे ‘मॉलवरचं हॉटेल’ म्हटलं तरी टॅक्सी तुम्हाला खाली कार्ट रोडवर सोडणार. तिथून वर यायला पर्यटन महामंडळाची लिफ्ट आहे, नाहीतर पायऱ्या. बुकिंगच्या आधी फोन करून एकच गोष्ट विचारा: गाडी थांबते तिथून दारापर्यंत किती पायऱ्या? बायको गरोदर असेल, गुडघे दुखत असतील, तर या उत्तरावर सगळी सहल अवलंबून आहे.

आमचं मत विचाराल तर ऐन मॉलवर राहू नका. चौरा मैदान, समर हिल किंवा छोटा शिमल्याच्या बाजूला राहा. रात्री शांतता असते, सकाळी दार उघडलं की देवदार. आणखी निवांतपणा हवा असेल तर मशोबरा. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर आहे, सफरचंदाच्या बागा आहेत, गर्दी कमी.

खोली घेताना दरीकडची मागा. काही हॉटेलांत बाल्कनी सामायिक असते, मध्ये नुसता कमरेएवढा कठडा. जी पडदा पाळते तिला मग बाहेर बसून चहा पिता येत नाही. बाल्कनी स्वतंत्र आहे का, ते विचारून घ्या. काही खोल्यांत बाथरूमची भिंत काचेची असते, तेही. खोलीतल्या छोट्या फ्रिजमध्ये दारू ठेवलेली असेल तर पोचायच्या आधी काढून ठेवायला सांगा, बिनबोभाट काढतात. तळमजल्यावर बार असलेलं हॉटेल टाळलेलं बरं, शनिवारी रात्री आवाज वरपर्यंत येतो.

हॉटेलमध्ये निकाहनामा मागतात का?

दोघांचं ओळखपत्र मागतात. लग्नाचा पुरावा दाखवलाच पाहिजे असा काही कायदा नाही. पण आपल्याकडे बऱ्याच मुली लग्नानंतर नाव बदलत नाहीत, आधारवर वडिलांचंच नाव असतं, आणि मग काउंटरवरचा माणूस घुटमळतो. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा निकाहनाम्याचा किंवा नगरपालिकेच्या विवाह नोंदणी दाखल्याचा फोटो मोबाईलमध्ये असावा. निकाहनामा उर्दूत असेल तर नोंदणी दाखला जास्त कामाचा. पहिल्या रात्रीचा मूड काउंटरवर बिघडू देऊ नका.

जवळ मशीद आहे का? किब्ला कुठे?

जामा मशीद मिडल बाजारात आहे, मॉलच्या खालच्या अंगाला. शिमल्याचे बाजार डोंगराच्या उतारावर एकाखाली एक आहेत: वर मॉल, मग मिडल बाजार, मग लोअर बाजार आणि सगळ्यात खाली कार्ट रोड. मशीद कुणालाही विचारा, सांगतात. सामान वाहणारे काश्मिरी मजूर तर बिनचूक सांगतील. शहरात सगळे त्यांना ‘खान’ म्हणूनच हाक मारतात. पाठीवर दोर लावून कपाट नि गॅस सिलिंडरसुद्धा चढणीवर नेणारी ही माणसं आहेत. तुमच्या बॅगाही तेच वर नेतील. पैसे आधी ठरवा आणि ठरवताना घासाघीस करू नका. हलाल जेवण कुठे मिळतं, जुम्माचा खुतबा किती वाजता असतो, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

उत्तरेतल्या बऱ्याच मशिदींत स्त्रियांसाठी वेगळी जागा नसते. आधी चौकशी करा, नाहीतर खोलीत दोघांनी जमातने पढा. नवरा पुढे, बायको मागे. घरी सकाळच्या घाईत हे फारसं होत नाही, इथे पाचही वेळा होऊ शकतं.

किब्ल्याचं लक्षात ठेवा. मुंबईत आपण पश्चिमेच्या किंचित उजवीकडे, म्हणजे उत्तरेकडे वळतो, साधारण २८० अंश. शिमला बरंच उत्तरेला असल्याने तिथे पश्चिमेच्या किंचित डावीकडे, दक्षिणेकडे वळायचं, साधारण २६३ अंश. मोबाईलमधलं होकायंत्र लोखंडी पलंग किंवा हीटरजवळ भरकटतं, म्हणून खिडकीपाशी जाऊन पाहा. सूर्य मावळताना एकदा दिशा बघून ठेवली तरी काम भागतं.

वेळासुद्धा बदलतात. डिसेंबरात शिमल्याला सूर्य साधारण सव्वापाच-साडेपाचला मावळतो, मुंबईपेक्षा पाऊण तास आधी. मुंबईच्या अंदाजाने फिरत राहिलात तर असर हातची जाते. जूनमध्ये उलट, फजर फार लवकर होते. मोबाईलच्या ॲपमध्ये शहर बदलायला विसरू नका.

नमाज कसर करायची का? जमा करता येते का?

तुमच्या मसलकप्रमाणे, म्हणजे तुम्ही हनफी की शाफई फिक्ह मानता त्याप्रमाणे. मुंबई, पुणे, मालेगाव, औरंगाबाद, अगदी चंदीगडहून निघालात तरी शिमला सफरीच्या अंतरात बसतं. हनफी फिक्हमध्ये पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर कसर, म्हणजे चार रकातच्या फर्जच्या दोन होतात. फजर आणि मगरिब तशीच राहते. नमाज जमा करायची, म्हणजे दोन वेळच्या नमाज एकत्र पढायची सवलत हनफींकडे नाही, अपवाद फक्त हजमधला.

रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले आपले कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. त्यांच्याकडे येण्याजाण्याचे दिवस सोडून मुक्काम चार दिवसांपेक्षा कमी असेल तर कसर आहे, आणि सफरीत जोहर-असर, मगरिब-इशा जमा करण्याची परवानगीही आहे. ट्रेनच्या दिवशी याचा फार उपयोग होतो. नवरा हनफी आणि बायको शाफई अशी जोडपी आता कितीतरी आहेत. दोघांनी आपापल्या इमामसाहेबांना एकदा विचारून घ्यावं आणि एकमेकांच्या पद्धतीचा मान ठेवावा. जामा मशिदीत मुकीम, म्हणजे तिथेच राहणाऱ्या इमामाच्या मागे उभे राहिलात तर मात्र पूर्ण चार रकात पढायच्या. मुसाफिरावर जुम्मा वाजिब नाही, पण जमत असेल तर जरूर जा. अनोळखी शहरात सलाम करून कुणी हात पुढे केला की बरं वाटतं.

एवढ्या थंडीत वजू आणि गुस्लचं कसं?

हा प्रश्न लोक लाजत विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो. हॉटेल घेताना ‘गरम पाणी आहे का’ एवढं विचारून भागत नाही, कारण उत्तर नेहमी ‘आहे’ असंच येतं. ‘खोलीत स्वतंत्र गीझर आहे का, पहाटे पाच वाजता चालतो का’ असं विचारा. कित्येक ठिकाणी गरम पाणी ठरावीक वेळेलाच सोडतात, सकाळी सात ते दहा. दोघंच गेलेल्या सहलीत फजरच्या आधी गुस्लची गरज पडणार, आणि जानेवारीत शिमल्याचा पारा शून्याच्या आसपास उतरतो. त्या वेळी बर्फासारखं पाणी अंगावर घेण्याची पाळी येऊ नये.

वजूसाठी चामड्याचे मोजे, म्हणजे खुफ्फैन, सोबत ठेवा. पूर्ण वजू करून ते घातले की मुसाफिराला तीन दिवस आणि तीन रात्री त्यांच्यावर मसह करता येतो, म्हणजे पाय न धुता ओला हात फिरवून भागतं. सगळी सहल त्यात येते. साधे लोकरी मोजे हनफी किंवा शाफई फिक्हमध्ये चालत नाहीत. गुस्ल करताना मोजे काढावेच लागतात, त्यानंतर वजू झाल्यावर पुन्हा घालता येतात.

पाणी जपून वापरा. २०१८ च्या मे-जूनमध्ये शिमल्यात पाण्याची भीषण टंचाई झाली होती, लोक रात्री-अपरात्री टँकरसमोर रांगा लावत होते. वाहत्या नदीकाठी वजू करतानाही पाणी वाया घालवू नये अशी आपल्याला ताकीद आहे, इथे तर नदीच नाही, पाणी खालून चढवून आणावं लागतं.

हलाल जेवण मिळतं का?

मिळतं, पण मुंबईसारखं पावलोपावली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार हिमाचलात मुस्लिम लोकसंख्या जेमतेम सव्वादोन टक्के आहे. जामा मशिदीच्या आसपास आणि लोअर बाजाराच्या बाजूला साधी खानावळवजा दुकानं आहेत, तिथे विचारून खा. पंजाब-हिमाचलात झटक्याचं, म्हणजे एका घावात मारलेलं मटण-चिकन मोठ्या प्रमाणावर विकलं जातं, कित्येकदा पाटीवरच लिहिलेलं असतं. मॉलवरच्या हॉटेलात ‘हलाल है क्या’ विचारलं आणि वेटर क्षणभर थांबून ‘हाँ जी’ म्हणाला, तर तिथे मांस न मागवलेलंच बरं.

खरं तर दोन दिवस मांसाहार सोडा. डोंगरातलं शाकाहारी जेवण इतकं चांगलं आहे की चिकन टिक्क्यासाठी शोधाशोध करणं म्हणजे वेळेची नासाडी. सिड्डू खाऊन पाहा: आंबवलेल्या गव्हाच्या पिठाच्या जाड उकडलेल्या गोळ्यात अक्रोड किंवा खसखशीचं सारण, वरून साजूक तुपाची धार. डिसेंबरच्या संध्याकाळी एकाच ताटलीत दोघांनी सिड्डू खावा. दही आणि चण्यांचा मदरा, पहाडी राजमा, तुडकिया भात हेही मागा. मॉलवरच्या इंडियन कॉफी हाऊसमध्ये डोसा आणि कॉफी घेऊन तासभर बसलात तरी कुणी उठवत नाही.

मासा चालत असेल तर ट्राउट. हिमाचलच्या थंड नद्यांतला मासा आहे आणि त्याला जबिहाचा, म्हणजे हलाल पद्धतीने कापण्याचा प्रश्नच येत नाही. फक्त वेगळ्या तव्यावर, वेगळ्या तेलात करून द्यायला सांगा, नाहीतर त्याच कढईत आधी झटक्याचं चिकन तळलेलं असतं.

सावध राहण्याची आणखी एक जागा. हिमाचलात सफरचंद, आलुबुखार, जर्दाळू यांची वाइन बनते आणि दुकानांत ती फळांच्या सरबतांच्या शेजारी मांडलेली असते. बाटलीवर ‘सायडर’ लिहिलं असेल तर ती दारू आहे. नाताळच्या दिवसांत बेकऱ्यांतल्या प्लम केकमध्ये रम असू शकते, घेण्याआधी विचारा. साधा सफरचंदाचा रस, बुरांशच्या फुलांचं लाल सरबत बिनधास्त घ्या.

हिजाब-बुरख्यात फिरताना त्रास होतो का? वातावरण कसं आहे?

२०२४ च्या सप्टेंबरात संजौली भागातल्या मशिदीच्या अनधिकृत मजल्यांवरून शिमल्यात मोठी निदर्शनं झाली, पोलिसांना पाण्याचे फवारे मारावे लागले. मशीद कमिटीने स्वतःच वादातला भाग काढून टाकायची तयारी दाखवली, आणि त्या ऑक्टोबरात वरचे तीन मजले पाडण्याचा आदेश निघाला. पुढेही प्रकरण चालू राहिलं. ही बातमी वाचून अनेकांनी शिमल्याचा बेत रद्द केला. त्यांची काळजी अवाजवी होती, असं म्हणणार नाही.

पण पर्यटकांचा शिमला म्हणजे मॉल, रिज, लक्कड बाजार. देशभरातून आलेली माणसं तिथे असतात, पोलीसही असतात. हिजाबातल्या बायका, टोपीतले पुरुष, काश्मिरी शालवाले हे तिथलं रोजचं दृश्य आहे. निघायच्या आठवड्यात बातम्या पाहा. मोर्चा, बंद असं काही असेल तर तारीख पुढे ढकला, डोंगर कुठे जात नाही. तिथे असताना कुणी वाद उकरून काढलाच तर उत्तर देत उभं राहू नका, निघून जा. पोलिसांचा ११२ नंबर लक्षात ठेवा.

बुरख्याच्या बाबतीत खरी अडचण पायऱ्यांची आहे. लांब घेर पायऱ्यांवर पायात येतो आणि बर्फ पडल्यावर तर धोकाच. घोट्यापर्यंतचा अबाया, आत गरम सलवार, खाली खडबडीत तळव्याचे बूट. हिजाबसाठी लोकरीचं किंवा जाड सुती कापड घ्या, रिजवरच्या वाऱ्यात जॉर्जेट टिकत नाही.

दोघांनी पाहण्यासारखं काय आहे?

सगळ्यात आधी, फजरनंतरची रिज. फजर पढून, जाकीट चढवून बाहेर पडा. दिवसभर जिथे पाय ठेवायला जागा नसते तिथे तेव्हा चारदोन माणसं आणि झाडूवाले असतात. एकीकडे १८५७ मध्ये पूर्ण झालेलं क्राइस्ट चर्च, दुसरीकडे आभाळ निवळ असेल तर बर्फाची शिखरं. चहाची एखादी टपरी उघडलेली असते. शिमल्यात एकच गोष्ट करणार असाल तर ही करा.

दुसरी, व्हाइसरॉयचा बंगला. रिजपासून चौरा मैदानाकडून चार-एक किलोमीटरचा रस्ता देवदारांतून जातो, चालतच जा. १८६४ पासून शिमला ब्रिटिश हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी होती. व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनसाठी हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने बांधलेली ही दगडी इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली. मॉलवरचं गेइटी थिएटरही त्याचंच. आता बंगल्यात भारतीय उच्च अध्ययन संस्था आहे, आत तळमजल्याचा काही भाग मार्गदर्शकासोबत दाखवतात. सोमवारी बंद असते.

याच इमारतीत १ ऑक्टोबर १९०६ रोजी आगाखान यांच्या नेतृत्वाखालचं मुस्लिम शिष्टमंडळ व्हाइसरॉय लॉर्ड मिंटोंना भेटलं. १९४५ च्या जून-जुलैत इथेच शिमला परिषद झाली. काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून मौलाना आझाद, मुस्लिम लीगकडून जिना, मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल. परिषद फिसकटली. त्या काळात गांधीजी जवळच समर हिलला राजकुमारी अमृत कौर यांच्या घरी राहत होते. ज्या घरांतून फाळणीच्या आठवणी आहेत, आणि आपल्या कितीतरी घरांतून आहेत, त्यांना त्या दालनांत उभं राहून गप्प व्हायला होतं. प्रेमाच्या सहलीत हे कशाला, असं काही जण म्हणतात. आम्हाला वाटतं, आपल्या माणसाशी अशा गोष्टींवरही बोलावं. बाहेरच्या हिरवळीवर बसायला जागा आहे, तिथे बोला.

जवळच हिमाचल राज्य संग्रहालय आहे. कांगडा शैलीची लघुचित्रं पाहा: वाट पाहणारी नायिका, पावसात अडकलेले दोघं, गच्चीवरची रात्र. कपड्याच्या एकेका घडीसाठी चित्रकाराने किती जीव ओतलाय ते जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ग्लेनच्या जंगलात उतरणारी वाट सुंदर आहे, पण चढून परत यायचं आहे हे लक्षात ठेवून उतरा, आणि उजेड असतानाच परता. आपल्या नबींनी (स.) एका सफरीत हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती, आणि त्या जिंकल्या होत्या. काही काळानंतर पुन्हा शर्यत झाली तेव्हा नबी (स.) जिंकले. देवदारांखालच्या त्या सपाट रस्त्यांवर हा किस्सा आठवला तर लाजू नका, लावा शर्यत.

जाखूच्या टेकडीवर जावं का?

तिथे हनुमानाचं प्राचीन मंदिर आणि १०८ फुटी मूर्ती आहे. ज्याने त्याने आपापलं ठरवावं. टेकडीभोवतीची जंगलातली वाट मंदिरात न जाताही चालता येते. माकडं चष्मा, फोन, खाण्याची पिशवी हिसकावतात, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवू नका.

शिमल्याजवळच्या कुफ्रीला जाणं गरजेचं आहे का?

नाही. घोड्यांची गर्दी, चिखल आणि भावाची घासाघीस. तो वेळ मशोबऱ्याला किंवा नालदेहऱ्याच्या देवदारांत घालवा.

कोणत्या महिन्यात जावं?

ऑक्टोबर-नोव्हेंबर सगळ्यात उत्तम. आभाळ स्वच्छ, थंडी सोसवेल इतकी, गर्दी कमी. मार्च-एप्रिलमध्ये बुरांशची लाल फुलं असतात. मे-जूनमध्ये मैदानातली सगळी माणसं वर येतात, शनिवारी गाड्यांची रांग लागते, हॉटेलं महागतात. जुलै-ऑगस्ट टाळाच. २०२३ च्या ऑगस्टमध्ये समर हिलला दरड कोसळून अनेकांचे जीव गेले, टॉय ट्रेनचा मार्गही तिथे उखडला होता. पावसातलं प्रेम पाहायचं तर आपला सह्याद्री आहे.

बर्फ हवं असेल तर डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी, पण ते हमखास नसतं. याच काळात लक्कड बाजाराजवळचा आइस स्केटिंगचा मैदानी आखाडा चालतो. १९२० पासूनचा आहे आणि तिथला बर्फ यंत्राविना, रात्रीच्या थंडीने गोठतो. सकाळी लवकर जावं लागतं. दोघांनाही येत नसेल तर एकमेकांचा हात धरूनच उभं राहता येतं.

बाहेर हात धरून चाललं तर चालतं का? फोटोंचं काय?

मॉलवर सगळेच हात धरून चालतात. त्यापलीकडचं खोलीसाठी. फोटो काढण्याआधी आणि विशेषतः कुठे टाकण्याआधी बायकोला विचारा. कित्येक जणींना आपला फोटो नातलगांच्या ग्रुपवर गेलेला आवडत नाही, पण त्या बोलत नाहीत. रिजवर पहाडी वेश भाड्याने देऊन फोटो काढणारे असतात, त्यांच्याकडून फाइल घेतल्यावर त्यांच्या कॅमेऱ्यातून फोटो पुसून घ्या.

लेकरं आणि घरच्या मोठ्यांना सोडून जाणं बरोबर आहे का?

हा प्रश्न बायकाच जास्त विचारतात. भिवंडी, मुंब्रा, कोंढवा, मालेगाव, आपली घरं एकत्र असतात, आणि दोन खोल्यांत सात-आठ माणसं राहत असताना नवरा-बायकोला नीट भांडायलासुद्धा जागा नसते. तीन रात्री लेकरं नानीकडे राहिली तर बिघडत नाही, नानीला आनंदच होतो. तान्हं मूल असेल तर सोबतच न्या आणि बेत सावकाशीचा ठेवा.

सासू-सासऱ्यांना लपवून जाऊ नका. मुलाने स्वतः अम्मी-अब्बांशी बोलावं, सुनेवर ते सोडू नये. तारखा सांगा, हॉटेलचा नंबर द्या, रोज एक फोन ठरवा. एकच, आणि तोही संध्याकाळी. अब्बांच्या औषधांची, गॅसच्या सिलिंडरची सोय आधी लावून निघा, म्हणजे फोनवर तोच विषय निघत नाही.

एवढं लांब जमत नसेल तर?

माथेरान. तेही इंग्रजांच्या काळातलं डोंगरावरचं गाव आहे, तिथेही मोटारींना बंदी आहे आणि तिथेही छोटी गाडी आहे. नेरळ-माथेरान रेल्वे सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या बोहरा उद्योगपतींच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या मेहनतीने १९०७ मध्ये उभी राहिली. आपल्यातल्याच एका बापलेकाने बांधलेल्या गाडीतून बायकोला फिरवून आणणं ही साधी गोष्ट नाही. पावसाळ्यात नेरळहून वरपर्यंतची सेवा बंद असते. कसरच्या बाबतीत माथेरानचं अंतर मुंबईच्या काही भागांतून सीमेवर येतं, ते इमामसाहेबांना विचारा.

येताना काय आणावं?

लक्कड बाजारातून लाकडी खेळणी लेकरांसाठी, काठी अब्बांसाठी. अक्रोड, पहाडी राजमा, जर्दाळूच्या गराचं तेल अम्मींच्या गुडघ्यांसाठी. कुल्लूची शाल घेताना हातमागाची खूण बघा. काश्मिरी फेरीवाल्याकडून घेतलीत तर दोन दुकानांतले भाव विचारून मगच. सामान परतीच्या सकाळी नाही, आदल्या संध्याकाळी बांधा, आणि टॅक्सी ठरवताना ती कार्ट रोडवर नेमकी कुठे थांबणार ते चालकाकडून लिहून घ्या.